'बधाई हो': हसू नेमकं कुणावर?

काका, नमस्कार.

'बधाई हो' हा हिंदी सिनेमा सगळ्या घरादारानं एकत्र बसून बघा, असं मी लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं, की लग्नाला आलेला मुलगा घरात असताना आईला दिवस जाणं ही घरानं पोटात ठेवायची गोष्ट. तिच्यावर थेटरभर हसणं म्हणजे त्या बाईची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. शिवाय हे सगळं दिल्लीकडचं, आपल्या खान्देशात कुणाला पचायचं नाही.

अब्रूचा मुद्दा काढलात ते बरं झालं, कारण मला हा सिनेमा आवडला तो त्याच मुद्द्यावर. हसू कुणावर येतं ते जरा आठवून बघा. नीना गुप्तांच्या प्रियंवदेवर नाही. ती लाजते, घाबरते, पण मूल ठेवायचं म्हणजे ठेवायचं, यावरून हलत नाही. हसू येतं ते गजराज राव यांच्या कौशिकवर. रेल्वेतला टीसी, रोज शेकडो लोकांशी बोलणारा माणूस, आणि पोरांना बातमी सांगताना 'छोटा पाहुणा येणार'च्या पुढे जीभ रेटत नाही. हसू येतं ते बापाच्या नजरेला नजर न देणाऱ्या पोरांवर आणि कान टवकारून बसलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर. त्या बाईची अब्रू सिनेमानं फार जपली आहे.

आणि खान्देशाचं म्हणाल तर काका, आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात सासू-सून, मायलेकी एकाच वर्षी बाळंत व्हायच्या. मामा भाच्यापेक्षा लहान, दोघं शाळेत एकाच वर्गात, आणि तरी भाचा त्याला 'मामा' म्हणूनच हाक मारायचा. त्यात कुणाची मान खाली गेली नाही. मुलींची लग्नं कोवळ्या वयात व्हायची आणि पाळणा चाळिशीपर्यंत हलायचा. पुढे लग्नाचं वय वाढलं, १९५२ पासून सरकारी कुटुंब नियोजन आलं, दोन-तीन लेकरांवर घरं थांबायला लागली. मग उशिराचं बाळंतपण नजरेत भरायला लागलं. 'लोके काय म्हनतीन' हा धाक आपल्याकडे जुनाच, पण या गोष्टीसाठी तो अलीकडचा आहे.

मेरठच्या लग्नघरातला प्रसंग तुम्ही एका ओळीत 'भडक' म्हणून सोडून दिलात. मला तो सिनेमाचा कणा वाटतो. बातमी कळल्यावर सगळ्यात तिखट बोललेली असते ती सुरेखा सिक्रींची आजीच. पण लग्नघरात तिची लेक आणि थोरली सून मिळून प्रियंवदेला संस्कार शिकवायला लागतात, तेव्हा म्हातारी उसळते. मी आजारी पडले तेव्हा माझं सगळं हिनं केलं, तुम्ही संस्कारवाल्या तेव्हा कुठे होतात, असा तिचा सवाल. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला, रोटाला सगळी भाऊबंदकी एका घरात जमते तेव्हा आपल्याकडेही हेच होतं. स्वयंपाकघरात कुजबूज चालते, आणि ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करते. सिक्रींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांचा तिसरा. माझ्या मते तो या एका प्रसंगासाठीच.

मुलाच्या मैत्रिणीच्या आईचं मन फार पटकन वळतं, हे तुमचं अगदी खरं. ती बाई शिकलेली, पैशावाली, आणि तरी या घराला नावं ठेवते. तिथे सांगण्यासारखं बरंच होतं, लेखकांनी घाई केली.

घरात वयात आलेली नातवंडं आहेत, त्यांच्यासोबत कसं बघायचं, असंही तुम्ही विचारलंय. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. कुणी चहा ठेवायच्या निमित्तानं उठेल, उठू द्या. मेरठचा प्रसंग लागेल तेव्हा मात्र सूनबाईंना हाक मारा आणि तो त्यांच्यासोबत बघा.