फडक्यावर रंग आला म्हणून गाडी रंगवायला काढू नका

चवथीच्या आधी गाड्या धुवायची गडबड सुरू झाली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, यंदाही आला. जुन्या गाडीला पॉलिश मारताना फडक्यावर रंग उतरला तर थांबा, पेंट जळतोय, आता फुल रिपेंट हाच उपाय, आणि बारीक गोल ओरखडे घालवायला टूथपेस्ट किंवा खोबरेल तेल. भावोजींनी तो वाचून बाबांची लाल पद्मिनी फोंड्याला रंगवायला द्यायचं जवळजवळ ठरवलंच, म्हणून लिहितोय.

आधी फडक्याचं. अशा जुन्या गाड्यांच्या सिंगल स्टेज पेंटवर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतोच, दिसतो तो रंगच वरचा थर, मग घासल्यावर तो फडक्यावर येणारच की! उलट नाही आला तर समजा गाडीवर क्लिअर मारलेला आहे. सुरुवातीला जो गुलाबी खडूसारखा भुगा निघतो ना, तो बराचसा उन्हाने मेलेला पेंट असतो, लाल रंगाचं तर हे दुखणंच आहे. पांढरी ॲम्बेसेडर असेल तर काळं फडकं घ्या, नाहीतर काय उतरलं ते कळणारच नाही.

आता भीती अगदीच खोटी आहे असंही नाही. सगळे थर मिळून कंपनीचा पेंट साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांएवढा, आणि स्वर्ल, म्हणजे ते बारीक गोल ओरखडे, त्यात जेमतेम काही मायक्रॉन खोल. पण बॉनेटच्या कडांवर, बॉडीलाईनवर पेंट पातळ, तिथे रोटरी मशीन, म्हणजे पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं, टेकवलं की थेट प्रायमर दिसतो. कडांना मास्किंग टेप लावा, ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, त्याचं पॅड फिरता फिरता हलतंही, मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने वीतभर जागेवर करून बघा, तेवढ्याने भागलं तर कंपाउंडला, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिशला, हात लावू नका. पॅड रंगाने लवकर भरतं, दर पॅनेलला ब्रशने साफ करा. आणि सिंगल स्टेज मेटॅलिक असेल तर मात्र खरंच जपून, ॲल्युमिनियमचे कण त्याच थरात असतात, जास्त घासलं की करडे पट्टे उमटतात.

टूथपेस्ट म्हणजे कणांचा भरवसा नसलेलं पॉलिश. खोबरेल तेलाने ओरखडे दोन दिवस लपतात, वर आमच्याकडची लाल धूळ चिकटते ती वेगळीच. पॉलिशमधलं तेलही असंच फसवतं, म्हणून पाण्यात मिसळलेल्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, टॉर्च मारून बघायचं खरोखर गेलेत का.

भावोजींचं बॉनेट अर्ध्या तासात आरशासारखं झालं, रंगवायला काही दिलं नाही. मग त्यांनीच चिऱ्याच्या कुंपणावर वाळत घातलेलं बनियन घेतलं आणि कोरड्या धुळीवरून गोल गोल फिरवलं. मूळ स्वर्ल आले कुठून ते तेव्हा कळलं.