लवंग तेलाचे चार थेंब आणि आमचं पिंप

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. पिंपात लवंग तेलाचे चार थेंब टाका, डासांच्या अळ्या खलास, केमिकलची गरजच नाही. खाली हात जोडलेल्यांची रांग.

यंदा म्हटलं, करूनच बघू. गच्चीवरच्या पिंपातलं मगभर पाणी बरणीत घेतलं. अळ्या डोकं खाली, शेपटीकडची श्वासनळी वर अशा लटकलेल्या. (मलेरियाच्या डासाच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून असतात. या तशा नव्हत्या.) चार थेंब टाकले. काही तासांत वळवळ बंद! क्षणभर ओशाळलोच.

मग हिशेब मांडला. चार थेंब म्हणजे फार तर 0.2 मिली. बरणीला ते रग्गड. पण 200 लिटरच्या पिंपात? दहा लाखांत एक भाग. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीचं तेल अळ्या मारतात, हे प्रयोगशाळेत कितीदा तरी दिसलंय. पण तिथे मात्रा बहुतेक दहा लाखांत काही दहा भागांची. पन्नास धरले तरी पिंपाला 10 मिली, म्हणजे छोटी बाटली अख्खी रिकामी. बरं, तेल पाण्यात नीट मिसळतही नाही. आणि तो सुंदर वास येतो ना, तो म्हणजे तेल उडून चाललंय. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून पंख फुटून बाहेर पडतो. बाटल्या किती ओतणार?

'नैसर्गिक आहे' म्हणे. धोत्राही नैसर्गिकच. त्याच पिंपात कुणी गप्पी मासे सोडले असतील तर जास्त मात्रेत त्यांचंही काही खरं नाही. नैसर्गिकच हवं तर बीटीआय आहे की! मातीतला जिवाणू, 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. अळीने खाल्ला की तिचं आतडं फाटतं, माशांना काही होत नाही.

तेलांशी माझं वैर नाही. पाण्यात मिसळून टिकतील अशी इमल्शनं करायची संशोधकांची खटपट चालू आहे. जमली तर पहिला गिऱ्हाईक मी.

तोवर रविवारी पिंप उपडं करतो आणि काथ्याने आतून खसाखसा घासतो. घासायचंच, कारण पाण्याच्या रेषेवर चिकटलेली डेंग्यूच्या डासाची ती खसखशीहून बारीक काळी अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही.

लवंग तेलाची बाटली अर्धी उरली आहे. आईची दाढ दुखतेय, तिला दिली.