हक्कसोड पत्र आणि मलबार हिलवरचा खून

‘कणखर स्त्री डिटेक्टिव्ह’ म्हटलं की हल्ली लेदर जॅकेट घालून चार गुंड लोळवणारी आणि रात्री एकटीच पीत बसणारी बाई समोर येते. म्हणजे पुरुष डिटेक्टिव्हच, फक्त नाव बदललेलं. त्यामुळे भाचीनं सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री ही रहस्यकादंबऱ्यांची मालिका हातात दिली तेव्हा मी बरेच दिवस ती उघडलीच नाही. उघडली, आणि आता पहिले चार भाग संपलेत.

परवीन 1921 च्या मुंबईत वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. बाई असल्यामुळे कोर्टात उभं राहून बोलायची सोय नाही. मग ती कागद वाचते. करार, मृत्युपत्रं, दस्त. पहिल्या भागात, ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (2018) मध्ये, एका गिरणीमालकाच्या तीन विधवा आपल्या हक्काचं सगळं दान करायला निघाल्याचं पत्र येतं. परवीनला त्यावरच्या सह्या खटकतात. पण त्या पडद्यातल्या बायका. त्यांना विचारायला आत जाणार कोण? वकील असो की पोलीस, पुरुषाला जनान्यात पाऊल टाकता येत नाही. हिला येतं.

इथे मी पुस्तक मिटून बसले. निफाड-दिंडोरीकडे नातेवाईक असलेल्या कुणालाही हा प्रसंग नवा नाही. वडील जातात, तेरावं उरकतं, आणि काही दिवसांनी भाऊ बहिणींना गाडीत बसवून निबंधक कार्यालयात नेतो. “ताई, इथे कर सही, आणि इथे.” ताईचा चष्मा घरी राहिलेला असतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे 2005 पासून कायद्यात आहे आणि ताईला ते माहीतही असतं. पण माहेर तुटलं तर दिवाळीला जायचं कुठे? प्रत्येक हक्कसोड पत्र दमदाटीनंच होतं असं नाही. मनापासून सोडणाऱ्याही बहिणी मी पाहिल्यात. पण भाऊ शेजारी नसताना, दार लावून, “बाई, तुला खरंच सोडायचंय का?” असं विचारणारं कुणी नसतं. परवीन तेच विचारते. खून नंतर पडतो, पण खरा तपास तिथूनच सुरू झालेला असतो.

आणि ही निव्वळ कल्पना नाही. परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यांपैकी एक म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. जन्म 15 नोव्हेंबर 1866, आपल्या नाशिकचा! ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली 1892 मध्ये, पदवी हातात पडायला 1922 उजाडलं. 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी (अल्पवयीन वारसांच्या आणि अशा बायकांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं) पडद्यातल्या बायकांची सल्लागार म्हणून काम केलं. बायकांना वकिली करता येईल असा कायदा झाला 1923 मध्ये. शरणपूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

परवीनच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगत नाही, ती वाचाच. एवढंच सांगते, की त्या काळच्या पारशी कायद्यात नवरा नुसता मारतो म्हणून घटस्फोट मिळत नसे, फार तर वेगळं राहायची परवानगी. पाळीच्या दिवसांत तिला सासरी कोंडून ठेवतात ती पानं वाचताना अंगावर काटा आला. इतरांना कायदा समजावणारी ही बाई स्वतः त्याच कायद्यात अडकलेली आहे.

आता तक्रारी. रहस्य म्हणून बघाल तर कोडं फार अवघड नाही, खुनी कोण याचा अंदाज सराईत वाचकाला येतो. खाण्यापिण्याची वर्णनं इतकी, की उपाशीपोटी वाचू नये. दुसरा भाग सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडतो, तो मला रेंगाळलेला वाटला. तिसऱ्यात मात्र नोव्हेंबर 1921 मधली प्रिन्स ऑफ वेल्सची भेट आणि मुंबईतली दंगल आहे, तिथे जान आहे. चौथ्यात गर्भपाताचा आरोप असलेली आया आहे आणि तो भाग सगळ्यांत जास्त राग आणतो.

“ही कसली डिटेक्टिव्ह, ना पिस्तूल ना पाठलाग,” असं आमच्या ह्यांचं मत. त्यांना पिस्तूलवाले लखलाभ. पहिला भाग सध्या शेजारच्या वहिनींकडे गेलाय. त्यांच्यानंतर कुणाला हवा असेल तर कमेंटमध्ये नंबर लावा, फक्त पानांचे कोपरे दुमडायचे नाहीत.