‘रविवारी माफी, सोमवारी मोकळे’ म्हणणाऱ्यांसाठी

नाताळ जवळ आला की सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘ख्रिश्चनांचं बरं आहे. रविवारी फादरच्या कानात सांगायचं, सोमवारपासून नवं पाप करायला मोकळे. ज्याचं वाटोळं केलं तो बसतो बोंबलत. आणि मुळात पापाचं हे खूळ त्यांचंच. आधी माणसाला पापी ठरवायचं, मग माफी विकायची.’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी दर रविवारी उपासनेला जाणारा माणूस. मेसेजचा राग येत नाही, पण त्यात तीन-चार आरोपांची खिचडी झालीय. ती जरा सुटी करतो.

आधी ते कानात सांगणं. सोलापुरातल्या जुन्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिलेल्या, म्हणजे प्रोटेस्टंट. आमच्याकडे कानात सांगायची पद्धतच नाही. पापांगीकाराची प्रार्थना सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. कॅथलिकांकडे पापनिवेदन आहे, पण पुन्हा तसं न करण्याचा निश्चय मनात नसेल, तर फादरने उच्चारलेली पापमुक्ती त्यांच्याच शिकवणीप्रमाणे लागू होत नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच काढलाय आणि तिथेच ‘मुळीच नाही’ म्हणून निकालात काढलाय. राहिली माफीची विक्री. ती एके काळी खरोखर चालायची, पावतीसकट. त्याविरुद्ध मार्टिन लूथरने 1517 मध्ये 95 मुद्दे मांडले आणि युरोपातलं चर्च दुभंगलं. मेसेज लिहिणाऱ्याला यायला पाचशे वर्षं उशीर झाला.

‘वाटोळं झालं तो बसतो बोंबलत’ हा आरोप मात्र वजनदार आहे. येशूचं यावरचं म्हणणं रोखठोक आहे: वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. यरीहोचा जक्कय हा जकातवसुलीतला बडा माणूस. त्याने येशूसमोर उभं राहून सांगितलं की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो.

आमच्या मंडळीतला एक जण विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, भिशी चालवायचा. बायका विड्या वळून मिळणाऱ्या मजुरीतून पैसे भरायच्या. याने ते स्वतःच्या यंत्रमागाच्या देण्यात घातले. भिशी बुडाली. त्याने उपासनेला येणं सोडलं, ती गल्ली सोडली, फोन बदलला. शेवटी एका रात्री पाळकांकडे, म्हणजे आमच्या पास्टरांकडे, जाऊन रडला. पाळकांनी त्याच्याबरोबर प्रार्थना केली, देव टाकून देत नाही असं सांगितलं, आणि मग विचारलं, “वही आहे का?” होती. तेल लागलेली, निळ्या पुठ्ठ्याची, नावं आणि आकडे असलेली. ती घेऊन तो दारोदार गेला. एकीने पैसे दोनदा मोजले आणि न बोलता दार लावलं. दुसरीने हातात घेतलेच नाहीत. मांडीवरच्या सुपाकडे बोट केलं, तंबाखूच्या बाजूला ठेव म्हणाली. हप्ते अजून चालू आहेत. सगळ्यांनी त्याला माफ केलंय असं अजिबात नाही. पण तो आता त्या गल्लीतून मान वर करून जातो.

इथे क्रम बघण्यासारखा आहे. जक्कयाने भरपाई कबूल केली ती येशू त्याच्या घरी उतरायला निघाल्यावर, आधी नाही. आपलं आता काही होऊ शकत नाही असं ज्याला वाटतं, तो वही जाळतो. आपल्याला टाकलेलं नाही हे कळलं की वही उघडायचा धीर येतो. क्षमेने हिशेब बुडतो ही तक्रार म्हणूनच मला उलटी वाटते.

कायद्याचंही तसंच. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या फिलिप व टिमोथी या दोन मुलांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीरपणे सांगितलं. म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहिल्या.

एका बाबतीत मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही, आणि ती बाब त्याने लिहिलेलीही नाही. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला ‘माफ कर, येशूने नाही का केलं’ असं सांगून परत पाठवणारे लोक आमच्यात आहेत. पश्चात्ताप ज्याने करायचा तो घरात टीव्ही बघतोय आणि क्षमेचा गृहपाठ हिला. हे चूक आहे. तिला आधी सुरक्षित जागा लागते, पोलीस लागतात.

आता पापाचं खूळ. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. स्वतःला पतित म्हणत विठ्ठलाच्या पायाशी येणाऱ्या संतांना हे कुणा मिशनऱ्याने शिकवलं नव्हतं. उलट ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. केलेलं मनाला टोचतं, हे कुठल्याही धर्माआधीचं आहे.

न केलेलंही टोचतं, आणि तिथे क्षमेचं औषध देणं हाच अपराध. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याखाली सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली: तारेचं कुंपण, हजेरी, आणि जन्मतःच कपाळी गुन्हेगाराचा शिक्का. देश 1947 ला सुटला, ही माणसं 31 ऑगस्ट 1952 ला. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही पत्त्यात लिहिलं जातं. देशात अशा कितीतरी वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालवल्या, आतल्या लोकांना ‘सुधारण्यासाठी’. त्या लोकांना जन्मभर लाज वाहायला लावली, पण त्यांना कसलीच क्षमा नको होती. ती मागायची पाळी कुंपणाबाहेरच्यांची, आणि त्या रांगेत आम्ही चर्चवालेही येतो.