पलंगाखालची गोधडी

काल एका मैत्रिणीचा मेसेज आला. "चार दिवस झाले, मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही. एवढं प्रेमाने घरात आणलं, पण तिला काही कदरच नाही. परत खाली सोडून देऊ का?"

तिला रात्री फोन करून तासभर बोलले. तेच इथेही लिहिते आहे, कारण वर्षभरात हा प्रश्न मला पाच-सहा जणांनी विचारलाय, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तो 'कदर' शब्द येतोच. मला त्या शब्दाचा त्रास होतो.

आमची गोधडी डोंबिवलीतल्या आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमधली. अंगावर काळी, केशरी, पांढरी ठिगळं, म्हणून हे नाव. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोणाच्या तरी तक्रारीवरून पार्किंगमधली मांजरं रात्रीतून गोणीत भरली आणि मासळी बाजाराजवळ नेऊन सोडली. कारण काय, तर तिथे त्यांना भरपूर खायला मिळेल. मांजर वासाच्या खुणांवर जगतं. त्याचा इलाका म्हणजे त्याचं घर असतं, आणि परक्या इलाक्यात तिथली आधीची मांजरं नव्याला टिकू देत नाहीत. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी सोसायटीला लेखी दिलं. पण नेलेली चार मांजरं काही परत आली नाहीत. गोणीतून निसटली ती एकटी गोधडी.

दोन दिवसांनी धो धो पावसात ती आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या ग्रिलमधून आत आली आणि वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. भिजलेली, डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या, कान डोक्याला चिकटलेले. मी काय केलं? टॉवेल घेतला आणि तिला ओढून बाहेर काढायला गेले. पुसावं, जवळ घ्यावं, एवढंच मनात होतं. तिने मनगट फाडलं. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि रेबीजची सगळी इंजेक्शनं घेतली. (मांजराने ओरखडलं तरी ही दोन्ही कामं टाळू नका, कितीही लहान ओरखडा असो.) पण चूक माझी होती. तिच्या लेखी त्या आठवड्यात माणसाचा हात दुसऱ्यांदा तिच्यावर आला होता. एकदा गोणी घेऊन, एकदा टॉवेल घेऊन. या दोन हातांमधला फरक तिला कसा कळणार होता?

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. घाबरलेल्या मांजराला आपलं प्रेम नंतर लागतं. आधी त्याला जायला वाट लागते, लपायला जागा लागते, आणि जवळ यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्यावं लागतं. लपणं म्हणजे रुसणं नव्हे. नेदरलँड्समधल्या एका निवारा केंद्रात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना खोका दिला आणि काहींना दिला नाही, असा अभ्यास झाला होता. ज्यांना लपायला खोका मिळाला त्यांचा ताण लवकर उतरला. म्हणजे ज्याला लपता येतं तेच लवकर बाहेर येतं.

म्हणून अख्खं घर मोकळं सोडू नका. आम्ही आतली लहान खोली दिली. मिक्सरचा रिकामा खोका आडवा ठेवला, त्याला दोन तोंडं केली. एकच तोंड असेल तर कोंडल्यासारखं होतं. आत माझा जुना सुती गाऊन घातला आणि मुद्दाम धुतला नाही, वास राहावा म्हणून. खाण्याची वाटी एका कोपऱ्यात, शी-शूचा टब अगदी समोरच्या कोपऱ्यात. बाजारातल्या लिटरकडे, म्हणजे टबात घालायच्या तयार वाळूकडे, तिने पाहिलंही नाही. मग खालच्या कुंड्यांमधली माती आणून त्यात मिसळली, जिथे ती रोज जायची तीच. दुसऱ्या दिवसापासून टब वापरायला लागली. हळूहळू माती कमी करत गेलो.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते. त्या खोलीत फिनाईलने पुसू नका. आपल्याकडे घर स्वच्छ म्हणजे फिनाईलचा वास असं समीकरण आहे, पण मांजराच्या शरीराला ते विष पचवता येत नाही. फरशीवरचं पंजाला लागतं आणि चाटताना पोटात जातं. डांबर गोळ्या कपाटाखालून उचला. अंग गरम लागलं म्हणून माणसांची पॅरासिटामॉल द्यायची तर अजिबातच नाही. तेवढ्याने मांजर दगावतं. दुधाची वाटीही नको, मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही. आम्ही उकडलेलं चिकन द्यायचो, मीठ-कांदा-लसूण काही न घालता. आणि भीतीने चोवीस तासांहून जास्त काही खाल्लं नाही तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं.

मग उरतं ते बसणं. रोज रात्री जेवणं झाली की मी त्या खोलीत जमिनीवर बसायचे, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. रोखून बघणं ही मांजरांच्या जगात धमकी असते. नजर मिळालीच तर डोळे हळूच अर्धे मिटायचे, मग उघडायचे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं. असे डोळे मिटले की मांजरंही तसेच डोळे मिटतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला जास्त तयार होतात. गोधडीने मला पहिल्यांदा असं उत्तर दिलं ते सतराव्या रात्री. पलंगाखालच्या अंधारात दोन डोळे सावकाश मिटले आणि उघडले. मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन रडले.

पण तिने खरा विश्वास आधी टाकला तो सासूबाईंवर. त्यांना मांजरं आवडत नव्हती. "वाघाची मावशी ती, घरात कशाला?" असं म्हणायच्या. गुडघे दुखतात म्हणून त्या त्याच खोलीत खुर्चीवर बसून संध्याकाळी पोथी वाचतात. रोज तीच वेळ, तोच संथ आवाज, आणि तिच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही. तिला हवं होतं ते सगळं त्या नकळत देत होत्या. एक दिवस मला हाक आली, "अगं, ही बघ माझ्या पायाशी येऊन बसलीय. आता मी उठू कशी?" उठल्या नाहीत. त्या दिवशी पोथीचे दोन अध्याय जास्त झाले.

हात लावायची घाई मी दीड महिना केली नाही. आधी लांब दांड्याच्या चमच्याने चिकन, मग त्याच चमच्याच्या पाठीने गालाला हलका स्पर्श, मग बोट. गालाला, हनुवटीखाली. पोटाला नाही, वरून डोक्यावरही नाही. प्रवासाची बास्केट पहिल्या दिवसापासून उघडी ठेवून त्यात खाऊ टाकायचे, त्यामुळे लसीकरण आणि नसबंदीसाठी न्यायच्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी आत गेली. ओढाताण झाली नाही.

रील्समध्ये तीस सेकंदांत फिसकारणारं मांजर कुशीत येतं. त्यामधले तीन महिने कापलेले असतात, आणि तेच बघून लोकांना वाटतं की आपलंच मांजर कृतघ्न. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा चांगला सहवास मिळाला तर माणूस त्याला आपला वाटतो. ते वय रस्त्यावर गेलं असेल तर सगळं शिकायला वेळ लागतो. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेलं, माणूस अजिबात सहन न होणारं मोठं मांजर घरात कोंडण्यापेक्षा नसबंदी आणि लस करून त्याच्याच जागी सोडावं, रोज खाऊ द्यावा, असं मला वाटतं. मैत्रिणीची मांजर तशी नाही. ती खाते, टब वापरते, रात्री सगळे झोपले की घरभर फिरते. म्हणजे घर बघून ठेवतेय. चार दिवसांत एवढं केलंय तिने.

आमच्याकडे अजूनही एक गोष्ट उरलीय. गोणीचा आवाज. गेल्या आठवड्यात दळणासाठी गव्हाची गोणी सरकवली आणि गोधडी सुसाट पलंगाखाली गेली. पूर्वी असं झालं की दोन दोन दिवस बाहेर यायची नाही. सासूबाईंनी पोथी उघडली, वाचायला बसल्या. दहा मिनिटांनी पलंगाच्या कडेला आधी मिशा दिसल्या.