चार टप्प्यांचं जेवण, बारा जिन्नस, आठ पाहुणे

पाहुण्यांसाठी सूप ते गोड असा चार टप्प्यांचा बेत करायचा आणि हातात पैसे मोजके, अशी वेळ आली की बहुतेक जण चारही पदार्थ स्वस्तातले निवडायला बसतात. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. चार वेगवेगळ्या स्वस्त पदार्थांची यादी एकत्र केली की पंचवीस-तीस जिन्नस होतात. त्यातल्या निम्म्यांची अर्धी पाकिटं नंतर कपाटात पडून राहतात किंवा फ्रिजमध्ये सुकतात. पैसे तिथे जातात. कृतीत एक चमचा लिहिलेला असतो, पण दुकानात बाटली अख्खी घ्यावी लागते, आणि बेताचा हिशोब त्या अख्ख्या बाटलीने करायचा असतो.

म्हणून आधी जिन्नस मोजा. मीठ-मिरी सोडून बारा ही मर्यादा घाला आणि प्रत्येक महाग किंवा नाशवंत जिन्नस निदान दोन पदार्थांत लागलाच पाहिजे, असा नियम ठेवा. एकाच पदार्थात लागणारी गोष्ट असेल तर ती कपाटात टिकणारी हवी, नाहीतर दूध-अंड्यांसारखी त्यातच पूर्ण संपणारी. पैशांचे साधारण शंभर भाग धरले तर पन्नास मुख्य पदार्थाला, उरलेल्या तिन्हींना मिळून चाळीस, आणि दहा हातचे ठेवायचे. ऐनवेळी दूध नासतं, अंडं फुटतं, कुणीतरी एक माणूस जास्त येतो. हे दहा भाग आधीच खर्च केले की मग उधळपट्टी होते, कारण घाईत जवळच्या दुकानात जे मिळेल ते घ्यावं लागतं.

दुसरी मोठी चूक प्रमाणाची. प्रत्येक पदार्थ पोटभर व्हावा अशा हिशोबाने केला की चार टप्प्यांत माणशी सव्वा किलो अन्न होतं. सगळं मिळून माणशी 700 ते 750 ग्रॅम धरा: सूप 180 मिलिलिटर, थंड पदार्थ 100 ग्रॅम, मुख्य पदार्थ 300 ते 350 आणि गोड 120 ते 130. ताटं छोटी घ्या, मुख्य पदार्थाचं दुसरं वाढप ठेवा. पाहुण्याला कमी पडलं असं वाटतं ते मुख्य पदार्थ संपल्यावर. सूप दुसऱ्यांदा मिळालं नाही म्हणून कुणाला काही वाटत नाही.

आता आठ जणांचा एक पूर्ण बेत सांगतो. कांद्याचं सूप, काबुली चण्यांचं लिंबू घातलेलं वाटण आणि भाजलेला पाव, कोंबडी-चणे घातलेला गाजराचा भात, शेवटी कॅरामल कस्टर्ड. खरेदी एवढीच: कातडीसकट अख्खी कोंबडी एक (1.6 किलोच्या आसपास), काबुली चणे 400 ग्रॅम, कांदे 2 किलो, गाजरं अर्धा किलो, तांदूळ 600 ग्रॅम, कालचा पाव 400 ग्रॅम, अंडी 6, दूध 750 मिलिलिटर, साखर पाव किलोपेक्षा थोडी जास्त, लिंबं 3, लसणाचा एक गड्डा, तेल. झाले बारा.

या बेताचा कणा कोंबडी आहे. हाडं काढलेले तुकडे घेतले तर आठ जणांना पुरेसं मांस महाग पडतं आणि स्टॉकला, म्हणजे हाडं मंद आचेवर शिजवून काढलेल्या पाण्याला, हाडं उरत नाहीत. अख्खी घ्या, घरी सात तुकडे करा: दोन पाय, दोन छात्या, पाठीचा सांगाडा, दोन पंख. हे सगळं 3 लिटर थंड पाण्यात घाला, एक कांदा सालासकट आणि गाजराची टोकं टाका. मीठ आत्ता घालू नका. पाणी पुढे आटणार आहे, आत्ता बरोबर वाटलेलं मीठ दोन तासांनी जास्त होईल. मंद आचेवर तापवा. वर येणारा फेस काढत राहा. पाण्याला खळखळून उकळी येऊ देऊ नका, अधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतकीच आच ठेवा. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात बारीक होऊन मिसळते, स्टॉक गढूळ होतो आणि तोंडात तेलकट लागतो.

छातीचं मांस 15 ते 20 मिनिटांत शिजतं, पायांना 35 ते 40 मिनिटं लागतात. दोन्ही एकाच वेळी बाहेर काढाल तर छाती दोऱ्यासारखी कोरडी होईल. थर्मामीटर असेल तर मांसाच्या मध्यभागी 74 अंश सेल्सिअस पाहा. नसेल तर सांध्याजवळ टोचा, बाहेर येणारा रस गुलाबी नसावा. मांस सोडवून घ्या, कातडी बाजूला ठेवा, सगळी हाडं परत पातेल्यात टाका आणि आणखी दोन तास मंद आचेवर ठेवा. हाडांभोवतीचा चिवट भाग विरघळून जिलेटिन होतो तो याच वेळात. सूपला दाटपणा येतो तो त्याच्यामुळे. शेवटी गाळल्यावर सव्वादोन लिटरच्या आसपास स्टॉक मिळतो आणि साधारण 700 ग्रॅम मांस. माणशी 90 ग्रॅम कमी वाटेल, पण भातात चणे आहेत आणि आधी दोन पदार्थ होऊन गेलेले असतात. पुरतं.

हे सगळं आदल्या दिवशी करा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या स्टॉकवर चरबीचा पिवळा थर घट्ट बसतो, तो चमच्याने उचलता येतो. ही चरबी फेकू नका. भात परतायला आणि मांस खरपूस करायला हीच वापरायची आहे, आणि तिची चव कुठल्याही विकतच्या तेलापेक्षा चांगली असते. मात्र गरम स्टॉकचं मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवू नका. मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. दोन-तीन उथळ भांड्यांत ओता, भांडी गार पाण्यात ठेवून निववा, मग आत ठेवा.

सूपमध्ये पैसा जवळजवळ लागत नाही, वेळ लागतो. दीड किलो कांदे 3-4 मिलिमीटर जाडीचे उभे चिरा. रुंद भांड्यात 3 मोठे चमचे तेल आणि एक लहान चमचा मीठ घालून पहिली 15 मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे कांदा पाणी सोडून बसतो. मग झाकण काढून मध्यम-मंद आचेवर 45 मिनिटं. कांद्यात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते गेल्याशिवाय रंग धरत नाही, म्हणून अर्ध्या तासापर्यंत काहीच होत नाही असं वाटतं. इथेच लोक आच वाढवतात. कडा करपतात, आतला कांदा कच्चाच राहतो, सूप कडवट होतं आणि मग ते झाकायला क्रीम आणलं जातं. तळाला तपकिरी थर चिकटला की दोन चमचे पाणी शिंपडून खरवडा. सगळी चव त्या थरात आहे. दीड किलोचे 400 ग्रॅमच्या आसपास उरले की सव्वा लिटर स्टॉक घाला, 15 मिनिटं शिजवा. त्यातला एक तृतीयांश भाग पावाच्या एका कापाबरोबर वाटून परत मिसळा. दाटपणाला क्रीम लागत नाही, शिळा पाव पुरतो. शेवटी आच बंद केल्यावर एक-दोन चमचे लिंबाचा रस. सपाट लागणारं सूप बहुतेक वेळा आंबटपणाला आसुसलेलं असतं, आणि लोक त्यात आणखी मीठ टाकत राहतात.

चण्यांबद्दल थोडक्यात. रात्री दीड लिटर पाण्यात एक लहान चमचा मीठ घालून भिजवा. मिठाच्या पाण्यात सालं मऊ होतात. 400 ग्रॅमचे शिजून 900 ग्रॅमच्या आसपास होतात. कुकरमध्ये वाफ धरल्यावर 20 ते 25 मिनिटं, उघड्या पातेल्यात तास-दीड तास. लिंबू किंवा टोमॅटो चणे पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालू नका, आम्लात ते दडस राहतात. फार जुने चणे कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत, त्यामुळे खूप दिवस पडून असलेला साठा या दिवशी वापरू नका. आणि चण्यांऐवजी राजमा घेणार असाल तर भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळाच. कच्च्या राजम्यातलं एक द्रव्य पोट जोरात बिघडवतं आणि ते मंद आचेवर मरत नाही.

निम्मे चणे गरम असतानाच वाटा: 4 मोठे चमचे तेल, दीड लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी, शिजवलेल्या पाण्याचे 4 ते 6 चमचे. गार चण्यांचं वाटण खरबरीत होतं. लसूण ठेचून आधी दहा मिनिटं लिंबाच्या रसात ठेवा, त्याचा उग्रपणा उतरतो. पाव पातळ कापून मंद आचेवर पूर्ण कोरडा होईपर्यंत भाजा. मोठ्या आचेवर बाहेरून काळा आणि आतून चामट होतो. थोडे चौकोनी तुकडे सूपवर टाकायला राखून ठेवा.

भातासाठी उचललेल्या चरबीपैकी दोन चमचे तापवून 3 कांदे आणि 400 ग्रॅम गाजरं परता, धुऊन निथळलेले तांदूळ दोन मिनिटं परता, 1.1 लिटर गरम द्रव घाला. एक लिटर उरलेला स्टॉक आणि कमी पडेल तेवढं पाणी. मीठ साधारण दोन लहान सपाट चमचे. उकळी आली की झाकण घट्ट लावून सर्वांत मंद आचेवर 12 मिनिटं, मग आच बंद करून 10 मिनिटं हात न लावता. मधे ढवळलं की शितं मोडतात आणि भात चिकट होतो. मोठ्या प्रमाणात भात करताना पाणीही दुप्पट-तिप्पट करणं ही सर्रास चूक आहे. तांदूळ वाढला तरी भांड्याच्या तोंडातून उडणारी वाफ त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून तांदळाच्या आकारमानाच्या दीडपटीवर जाऊ नका.

भात मुरत असताना मांस हाताने सोडवून गरम कढईत दोन खेपांत, प्रत्येकी 3-4 मिनिटं खरपूस करा. एकदम सगळं टाकलं की ते स्वतःच्याच पाण्यात वाफवतं आणि रंग येत नाही. कातडी बारीक कापून कुरकुरीत करा, वाढताना वरून पेरा. चणे भातात हलकेच मिसळा, मांस वर. महाग जिन्नस वर दिसला पाहिजे. आत मिसळून टाकलेली अर्धी कोंबडी कुणाच्या नजरेत भरत नाही.

कुणी मांस खात नसेल तर वेगळा मुख्य पदार्थ करायला जाऊ नका. त्यांच्यापुरतं सूप आणि भात वेगळ्या भांड्यात, स्टॉकऐवजी चण्यांचं पाणी आणि भाजलेल्या कांद्या-गाजराचं पाणी घालून, तेलात करा. हे आधी विचारून ठेवा, ऐनवेळी जमत नाही.

कस्टर्डही आदल्या दिवशीचं. 150 ग्रॅम साखर तीन चमचे पाण्यात न ढवळता तापवा. ढवळलं की साखर परत दाणेदार होते. मधाच्या रंगावर आली की उतरवा, भांड्याच्या उष्णतेनेच ती पुढे गडद होते. लगेच आठ वाट्यांत ओता. 750 मिलिलिटर दूध कोमट करून 6 अंडी आणि 120 ग्रॅम साखरेच्या मिश्रणात बारीक धारेने घाला, फेस होऊ न देता मिसळा, गाळा. वाट्या गरम पाण्याच्या ट्रेमध्ये, पाणी निम्म्या उंचीपर्यंत, ओव्हन 150 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. ओव्हन नसेल तर वाट्यांवर फॉइल घट्ट लावून मंद वाफेवर 20 ते 25 मिनिटं. फॉइल नसली तर झाकणाचं पाणी ठिबकून वरचा थर फाटतो. मधला भाग थरथरत असतानाच काढा. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलं तर आत जाळी पडते आणि पाणी सुटतं. फ्रिजमध्ये निदान सहा तास लागतात, तेवढ्यात तळाचं कॅरामल विरघळून रस होतो. घाईत उलटलं तर ते वाटीलाच चिकटून राहतं.

म्हणजे सूप आणि वाटण आधी करून ठेवलं की पाहुणे आल्यावर शिजवायला फक्त भात आणि मांस उरतं. सूप गरम करायला एक शेगडी, भाताला दुसरी, मांसाला सूप उतरल्यावर पहिलीच. दोन शेगड्यांवर हा बेत होतो. सूप वाढण्याच्या पाच मिनिटं आधी भात चढवा: सूप आणि चण्यांचं वाटण संपेपर्यंत तो मुरून तयार असतो.

उरलेला भात पातेल्यात रात्रभर ठेवू नका. शिजवूनही टिकून राहणारे काही जंतू कोमट भातात वाढतात आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. ताटात पसरून तासाभरात निववा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. उरलेलं वाटण तीन दिवस टिकतं, वरून तेलाचा पातळ थर घातला की सुकत नाही.