शहाद्याच्या भाऊंना उत्तर: तीन पानं राहू द्या, ‘पो.बि.’ लिहा

भाऊ, तुमची कमेंट रविवारी रात्री वाचली, लगेच उत्तर टाईप करायला घेतलं आणि सगळं पुसलं, कारण त्यात मी नुसता स्वतःची बाजू सांभाळत होतो. आज बुधवार, आता डोकं थंड आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हणलं होतं की लिहायला आवडत नसलं तरी रोज सकाळी उठल्या उठल्या तीन पानं लिहा, २१ दिवसांत सवय लागते, मन हलकं होतं. त्यावर भाऊंनी लिहिलंय, “तुमले लिखानं आवडस, तुमले काय जास सांगाले!” (तुम्हाला लिहायला आवडतं, तुम्हाला सांगायला काय जातं!) दिवसभर पपईच्या वावरात राबून आलेला माणूस रात्री वही घेऊन बसणार आहे का, त्यांनी तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा चार-पाच दिवसांत बंद पडलं, एकदा तर घरातलं जुनं भांडण लिहून काढलं आणि रात्रभर झोप नाही, वर कोणी वाचलं तर तमाशा वेगळा. आणि एकूण हे जर्नलिंग (रोज मनातलं वहीत लिहिणं) म्हणजे शिकलेल्या रिकाम्या लोकांचं फॅड.

आधी माझी चोरी कबूल करतो. ती तीन पानं मी स्वतः अकरा दिवस लिहिली. बाराव्या दिवशी जळगावला लग्न होतं, वही घरी राहिली आणि मग राहिलीच. लेख लिहिताना मला हे आठवत होतं, तरी लिहिलं नाही, कारण ‘अकरा दिवसांत सुटलं’ म्हणणाऱ्याचा सल्ला कोण ऐकणार. पाचव्या दिवसापासून दुसऱ्या पानावर मी ‘काय लिहू काय लिहू’ एवढंच लिहित होतो, तेही वळणदार अक्षरात, म्हणजे पान लवकर भरावं. लिहायला आवडणाऱ्या माणसाची ही गत, तर तुम्हाला कंटाळा आला यात तुमचं काय चुकलं?

२१ दिवसांचं पण तसंच. तो आकडा मी ऐकीव टाकला होता. तुमच्या कमेंटनंतर शोधाशोध केली तर कळलं की तो मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून निघालाय, आणि तो काय म्हणत होता तर ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस जातात. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळलं, चेहरा पण गळला आणि उरलं ते मी तुम्हाला दिलं. खरोखर मोजून बघितलेला अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांचा आहे, २०१० साली छापलेला. ९६ लोक होते, प्रत्येकाने खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट रोज ठरलेल्या वेळेला जोडून करायची, जसं की नाश्ता झाला की. ती आपोआप व्हायला लागेपर्यंत मधला आकडा निघाला ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब. त्यात लिहिण्याची सवय कुणी मोजली नव्हती हे खरं, पण आपल्या कामाची एक गोष्ट त्यात आहे की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतो ना आपण, तसं. खाडा पडला म्हणून कोणी दूधवाला बंद करत नाही. तुमचं जे चौथ्या दिवशी ‘बंद पडलं’ ते मला वाटतं नुसता खाडा होता, तुम्ही दूधवालाच बंद केला.

आता ज्यासाठी एवढं लांब लिहायला घेतलं ते सांगतो.

आमचे अण्णा भुसावळला रेल्वेत गार्ड होते, मालगाडीचे. (२०२२ पासून त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, अण्णांना ते ऐकून हसू येतं.) या माणसाला लिहायचा इतका कंटाळा की लग्नपत्रिकेवर नावं टाकायची झाली तरी आईला बसवायचे. पण खिशात कायम एक छोटी डायरी. कशासाठी तर ड्युटीचे तास आणि माईलेजचा (गाडीवर जितकं चाललं त्याच्या भत्त्याचा) हिशोब पगाराशी ताळून बघायला. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना त्या सव्वीस डायऱ्या खाली आल्या. एक नोंद जशीच्या तशी देतो:

“१४-३-९१. साईन ऑन २२.१०. बडनेरा. साईन ऑफ ७.४५. भजी. पो.बि.”

साईन ऑन-ऑफ म्हणजे ड्युटी सुरू आणि संपली, ‘पो.बि.’ म्हणजे पोट बिघडलं. संपलं, हाच दिवस. लिहायला अर्धा मिनिट पण लागला नसेल, पेन्सिलीने, गाडीच्या हेलकाव्यात वेडंवाकडं. मी पानं उलटत बसलो तर सगळीकडे भजी, आणि भजीच्या मागे एक नाहीतर दोन दिवसांत पो.बि. अण्णांना विचारलं, तर म्हणे, “हो ना, आठ महिन्यांनी मलाच दिसलं ते, तोवर मी तुझ्या आईच्या वरणाला नावं ठेवत होतो.” त्यांनी भजी सोडली का? नाही. पण वरणाला नावं ठेवणं सोडलं. आता सांगा, मन मोकळं करा, स्वतःला शोधा वगैरे जे मी मागच्या लेखात लिहिलं होतं त्यातलं यात काय आहे? काहीच नाही, आणि तरी त्या माणसाला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली जी त्याला नुसतं आठवून कळली नसती.

मला लेख लिहिताना हे सुचायला हवं होतं. मी बी.कॉम. माणूस, जर्नलला आमच्यात रोजकीर्द म्हणतात. रोजकीर्द लिहायला आवडते असा मुनीम मी आजपर्यंत बघितला नाही, तरी संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी ती लिहिली जाते, कारण त्यात कोणी निबंध मागत नाही. तारीख, नाव, रक्कम. तुम्ही पण मजुरांची हजेरी कुठेतरी मांडतच असाल, फवारणी कधी केली, कशाची केली, हे लिहित असाल. त्याच वहीत, त्याच ओळीच्या शेवटी दोन शब्द टाका. ‘३ बाया. डोकं तापलं.’ किंवा ‘झोप नाही.’ वेगळी वही आणू नका, चामड्याच्या कव्हरची तर अजिबात नको, तिच्यात काही चांगलंच लिहावं लागेल अशी भीती वाटते. आणि वेळ ठरवू नका, हजेरी मांडली की दोन शब्द, एवढीच गाठ.

लिहून झोप उडाली म्हणता, त्यावर मात्र गंमत करत नाही. मागच्या लेखात मी हे सांगायलाच हवं होतं. जेम्स पेनेबेकर म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा १९८६ चा प्रयोग या सगळ्या विषयाचं मूळ धरतात. कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत ज्यांनी घटना आणि मनातलं दोन्ही लिहिलं त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, हे सगळे सांगतात. पण लिहून उठल्या उठल्या त्याच मुलांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं, हे कोणी सांगत नाही, मी पण सांगितलं नाही. आणि ते चार दिवस होते, जन्मभराचं व्रत नव्हतं. नंतर २००६ साली असे १४६ प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा फायदा निघाला पण छोटा. म्हणून माझं आता सरळ म्हणणं आहे की भांडण, मयत, कर्ज असलं काही रात्री झोपायच्या आधी उकरू नका. लिहायचंच असेल तर दिवसा, पंधरा मिनिटं, आणि नंतर वावरात जायचं काम ठेवा. खूपच त्रास होत असेल तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला, डॉक्टरशी बोला.

घरात कोणी वाचलं तर? अण्णांच्या त्याच डायऱ्यांत एक नोंद अशी आहे: “पंखा घेतला ४८०. हिला सांगितले ४००.” आईने ती दिवाळीत वाचली आणि सगळ्यांसमोर ८० रुपये वसूल केले, व्याज माफ केलं म्हणाली. म्हणजे धोका आहेच भाऊ, मी नाही म्हणत नाही. पण ‘पो.बि.’सारखी आपली खूण असली तर निम्म्या गोष्टी वाचूनही कोणाला कळत नाहीत.

आणि पेनच नको असेल तर बोला. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकता येतो, तिथे वीस सेकंदाची व्हॉईस नोट, अहिराणीत, बांधावर उभं राहून. (बोलून टाईप करायचं बघितलं तर ते मराठीवर ठेवून अहिराणीचा पार चेंदामेंदा करतं, आवाजच ठेवा.) ह्याला कमी समजू नका. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातले उतरवून घ्यायचे, म्हणून त्या १९५१ ला गेल्यावर पुढच्या वर्षी ती गाणी छापून आली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, लिहून घेतलं साने गुरुजींनी. बोलणारा एक आणि लिहिणारा एक ही आपल्या खान्देशातली जुनी पद्धत आहे, तुमच्याकडे सोपानदेव नाही, मोबाईल आहे.

फॅड म्हणालात तिथे मात्र मी ऐकणार नाही. महागड्या डायऱ्या, रंगीत पेनं, फोटो काढून टाकणं हे फॅड आहे, मान्य. पण मालगाडीच्या डब्यात रात्री दोन वाजता पेन्सिलीने ‘भजी’ लिहिणारा माणूस रिकामा नव्हता. आणि तुम्हाला हे सगळं वाचूनही नकोच वाटत असेल तर नका करू, त्यात पाप नाही, आमच्या आईने आयुष्यात दुधाच्या खाड्यापलीकडे काही लिहिलं नाही आणि तिला सगळ्यांचं सगळं आठवतं, ८० रुपयांसकट.

मागच्या लेखातलं तीन पानांचं आणि २१ दिवसांचं वाक्य मी आत्ता काट मारून ठेवलंय, काढून टाकलं नाही, म्हणजे भांडण कशावरून झालं ते लोकांना दिसेल. आणि भाऊ, कमेंटच्या शेवटी तुम्ही “यंदा पपईले भाव…” एवढंच लिहून सोडून दिलंय. काय भाव लागला ते तरी लिहा.